फ्रान्सिस्कन धर्मभगिनींचा शैक्षणिक वारसा आणि आपला सीमाभाग



स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने शिक्षणाच्या इतिहासातील एका दुर्लक्षित प्रकरणाकडे आपले लक्ष वेधावे, असा माझा हेतू आहे. आपल्याकडे शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून, देणगीदारांच्या याद्यांतून आणि इमारतींच्या कोनशिलांवरून. ज्यांनी वर्गात उभे राहून आयुष्य वेचले, त्यांचा उल्लेख त्यात ओघाने येतो, किंवा येतही नाही. कॅथलिक धर्मभगिनींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दीक्षेच्या वेळी घरचे नाव मागे पडते, मठाचे नाव लागते. आज या गावी, उद्या त्या गावी बदली होते. निवृत्तीनंतर दूरच्या एखाद्या आश्रमगृहात आयुष्य संपते. शाळा राहते, सिस्टरांचे नाव राहत नाही. म्हणून त्यांच्या वारशाचा विचार करताना पुतळे आणि तैलचित्रे शोधून उपयोग नाही. त्या कार्यामागची प्रेरणा, त्याची रचना आणि त्याच्या मर्यादा यांचा शोध घ्यावा लागतो.

हा विषय संतपूरसारख्या ठिकाणी का घ्यावा, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या भूगोलात आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी संतपूर हे बीदर जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव होते. पुढे तो तालुका औराद या नावाने ओळखला जाऊ लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले; नारायणखेड, झहिराबादचा बहुतेक भाग आणि न्यालकल मंडळ आंध्र प्रदेशात गेले; उरलेला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड आणि शिवेपलीकडे तेलुगू, अशा चार भाषांच्या संगमावर आपली मुले शिकत आली आहेत. अशा भागात मुलींचे शिक्षण कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या बळावर करावे, हा प्रश्न येथे केवळ ऐतिहासिक नाही. फ्रान्सिस्कन भगिनींनी आपापल्या काळी या प्रश्नाची काही उत्तरे दिली. त्यांतील काही स्वीकारण्याजोगी आहेत, काही तपासून घेण्याजोगी आहेत.

१. परंपरेचा उगम

असिसीकर संत फ्रान्सिस यांचा काळ बाराव्या शतकाची अखेर आणि तेराव्या शतकाचा आरंभ असा आहे. कापडाच्या सधन व्यापाऱ्याचा हा मुलगा सर्व मालमत्तेवर पाणी सोडून भिक्षेवर जगू लागला. १२२६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याच गावच्या क्लेअर या तरुणीने त्यांच्या मार्गाने जाण्याचे ठरविले आणि स्त्रियांच्या शाखेचा पाया घातला. मठाने सामुदायिक मालमत्तादेखील बाळगू नये, हा तिचा आग्रह होता. तो मान्य करणारी, तिने स्वतः लिहिलेली नियमावली पोपने ९ ऑगस्ट १२५३ रोजी मंजूर केली आणि दोनच दिवसांनी तिने देह ठेवला. स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेली आणि चर्चने मान्य केलेली ही पहिली नियमावली समजली जाते. आपल्या भागातील वाचकाला येथे कल्याणच्या शरणपरंपरेतील अक्कमहादेवीची किंवा आपल्या मुक्ताबाई-जनाबाईंची आठवण झाल्यास नवल नाही. धर्म वेगळे, काळ थोडा मागेपुढे, परंतु संसाराच्या ठरलेल्या चौकटीबाहेर स्त्रीला स्वतःचे स्थान हवे होते, ही ओढ समान आहे.

मात्र क्लेअरच्या वारसदारांना एक मोठी मर्यादा होती. १२९८ च्या पोपच्या आज्ञेने सर्व धर्मभगिनींना मठाच्या भिंतीआड राहण्याचे बंधन घातले आणि १५६६ च्या आज्ञेने ते अधिक कडक केले. पुरुष भिक्षू देशोदेशी फिरू शकत होते. स्त्रियांना उंबरठा ओलांडता येत नव्हता. या एका गोष्टीमुळे आपल्या प्रदेशातील फ्रान्सिस्कन इतिहासाला दीर्घकाळ केवळ पुरुषांचा इतिहास असे रूप आले.

तो इतिहास पुष्कळ जुना आहे. १३२१ मध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन भिक्षूंचा वध झाला आणि पुढे ओडोरिक या त्यांच्याच संघातील प्रवाशाने त्यांच्या अस्थी तेथून नेल्या. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर आंतोनियो दो पोर्तो यांच्यासारख्या भिक्षूंनी त्या भागात चर्चे आणि शाळा उभारल्या. बोरिवलीजवळील मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले, हीदेखील याच काळातील घटना होय; वारशाचा हिशेब मांडताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. गोव्यात १५५५ पासून बार्देश प्रांत फ्रान्सिस्कनांकडे होता. तेथील गास्पार दे सांव मिगेल यांनी सतराव्या शतकात स्थानिक भाषेचे व्याकरण रचले. लोकांत काम करायचे तर लोकांची भाषा शिकली पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. १८३४ मध्ये खुद्द पोर्तुगालच्या सरकारने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये गोव्यातील मठ रिकामे झाले. फ्रान्सिस्कन भिक्षूंचा अध्याय असा संपुष्टात आला. पुढचा अध्याय स्त्रियांनी लिहिला.

२. भिंतीबाहेर आलेल्या स्त्रिया

एकोणिसाव्या शतकात युरोपात एक नवा प्रकार रूढ झाला. साधी व्रते घेऊन, भिंतीआड न राहता, शाळा, दवाखाने आणि अनाथगृहे चालविणाऱ्या भगिनींचे संघ शेकड्यांनी निघाले. चर्चच्या कायद्यात त्यांना पूर्ण मान्यता मिळाली ती १९०० साली. म्हणजे कार्य आधी उभे राहिले आणि नियम मागाहून आले. या संघांपैकी दोहोंचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे.

पहिला संघ पोर्तुगालमधील. १८४३ मध्ये लिस्बनजवळ जन्मलेल्या लिबानिया दो कार्मो यांनी क्लारा हे नाव घेतले आणि गरीब व आजारी लोकांच्या सेवेसाठी फ्रान्सिस्कन भगिनींचा संघ स्थापन केला. १८७६ मध्ये त्यास रोमची मान्यता मिळाली. याच संघाच्या भगिनी १८८६ मध्ये गोव्यात आल्या. ज्या सरकारने अर्ध्या शतकापूर्वी भिक्षूंना घालवून दिले होते, त्याच्याच वसाहतीत रुग्णसेवेसाठी फ्रान्सिस्कन स्त्रियांचा प्रवेश झाला, हा इतिहासाचा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. १८९९ मध्ये मदर क्लारा निवर्तल्या. २०११ मध्ये लिस्बन येथे चर्चने त्यांना धन्यपद दिले.

दुसरा संघ तर भारतातच जन्मला. फ्रान्समधील नांत येथे १८३९ मध्ये जन्मलेल्या एलेन द शापोतँ या तरुणीने प्रथम क्लेअरच्या मठात प्रवेश केला होता. प्रकृतीमुळे तो सोडावा लागला. नंतर दुसऱ्या एका संघात ‘मारी द ला पासियाँ’ हे नाव घेऊन ती १८६५ मध्ये मदुराई मिशनमध्ये आली आणि थोड्याच काळात तेथील भगिनींची प्रांतप्रमुख झाली. पुढे संघांतर्गत मतभेद विकोपास गेले आणि १८७६ मध्ये तिच्यासह वीस भगिनी त्या संघातून बाहेर पडल्या. निलगिरीतील उटकमंड येथे त्यांचा मुक्काम होता. ६ जानेवारी १८७७ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांच्या नव्या संघास संमती दिली. १८८२ मध्ये संस्थापिकेने संत फ्रान्सिसच्या तृतीय संघात प्रवेश केला आणि १८८५ मध्ये ‘फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी’ हे नाव पक्के झाले.

या घटनाक्रमातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हा संघ युरोपात स्थापन होऊन भारतात पाठविला गेला असे झाले नाही. तो भारतात, भारतीय स्त्रियांच्या गरजा पाहून आकारास आला आणि येथून जगभर गेला. पडदानशीन घरांत पुरुष मिशनऱ्याला प्रवेश नव्हता. स्त्री रुग्णाची नाडी पाहणे, मुलींना शिकविणे, विधवा व अनाथ बालिकांना आश्रय देणे ही कामे स्त्रियांनीच करावयाची होती. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी संस्थापिकेचे निधन झाले, तेव्हा संघातील भगिनींची संख्या दोन हजारांवर गेली होती. त्या कार्याची किंमतही मोजावी लागली होती. १९०० मध्ये चीनमधील ताइयुआन येथे बॉक्सर बंडाच्या वणव्यात या संघाच्या सात भगिनी मारल्या गेल्या.

३. निजामी राज्यातील एक शाळा

ज्या वर्षी संस्थापिका निवर्तल्या, त्याच १९०४ साली हैदराबादच्या गनफाउंड्री भागात या भगिनींनी रोझरी कॉन्व्हेंट ही मुलींची शाळा सुरू केली. त्यापूर्वी १८७१ मध्ये सिकंदराबादला इटलीतून आलेल्या संत ॲनच्या भगिनींची शाळा निघाली होती. १९०७ मध्ये मेहबूबिया ही सरकारी मुलींची शाळा निघाली. आपल्या बीदरला मेथडिस्ट पंथाच्या मिशनने शाळा व रुग्णालय यांच्या रूपाने काम केले. रोझरी कॉन्व्हेंट हे फ्रान्सिस्कन भगिनींचे आपल्या जुन्या राजधानीतील केंद्र असल्यामुळे आपल्या दृष्टीने ते सर्वांत निकटचे उदाहरण ठरते.

त्या काळच्या संस्थानातील शिक्षणाची स्थिती आठवावी. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, हे निःसंशय. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठी मुलांसाठी १९२१ मध्ये हिप्परगे येथे राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे कार्यकर्ते तेथून आणि नंतर अंबाजोगाईहून घडत गेले. कन्नडच्या बाजूस भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दू फलक आणि आत कन्नड शिक्षण अशी शाळा चालविली, ही कथा आपल्या तालुक्यातील वृद्ध मंडळी अभिमानाने सांगत आली आहेत. स्वामीजी मूळचे कमलनगरचेच. पाचशे वर्षांपूर्वी, १४७२ मध्ये, महमूद गवानने ज्या बीदरला इराणी धाटणीचा भव्य मदरसा उभारला, त्या बीदरच्या खेड्यापाड्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलींना मुळाक्षरे दुर्मीळ होती. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या देशात शंभर स्त्रियांपैकी नऊदेखील साक्षर नव्हत्या. संस्थानाची स्थिती याहून बरी मानण्यास कारण नाही.

अशा राज्याच्या राजधानीत अविवाहित स्त्रियांचा एक समूह स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवू लागला. या घटनेचे महत्त्व पाठ्यक्रमापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. शाळेची मुख्याध्यापिका स्त्री, हिशेब ठेवणारी स्त्री, गवंड्याशी बोलून भिंत उभी करून घेणारी स्त्री, शिक्षण खात्याशी पत्रव्यवहार करणारी स्त्री, असे दृश्य त्या काळच्या मुलीला अन्यत्र कोठे दिसले असते? घरी तिला आज्ञा देणाऱ्या आणि आज्ञा पाळणाऱ्या अशा दोन प्रकारच्या माणसांची ओळख होती. शाळेत तिला निर्णय घेणारी स्त्री दिसली. पुस्तकातील धडे कालांतराने विसरले जातात; डोळ्यांनी पाहिलेला असा धडा विसरला जात नाही.

याच संघाने १५ ऑगस्ट १९४७ रोजी मद्रासला अवघ्या बत्तीस विद्यार्थिनींसह स्टेला मॅरिस हे महिला महाविद्यालय सुरू केले. मुंबईची व्हिला टेरेसा ही शाळाही याच भगिनींची. माध्यमिक शाळेपुरते न थांबता मुलीला पदवीपर्यंत नेणे हे त्यांच्या कार्याचे पुढचे पाऊल होते.

४. व्रताचे अर्थकारण

फ्रान्सिस्कन भगिनी तीन व्रते घेतात: अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. शिक्षणाच्या इतिहासकाराने यांकडे केवळ धार्मिक दृष्टीने पाहू नये. ती एका संस्थेची आर्थिक आणि प्रशासकीय रचनाही आहे. सिस्टरला मिळणारे वेतन तिच्या हाती राहत नाही, ते संघाच्या सामाईक निधीत जाते. तिच्या गरजा संघ भागवितो. चार जणींच्या पगारात दहा जणींचे भागते आणि उरलेल्या रकमेतून दूरच्या एखाद्या खेड्यात दवाखाना किंवा वसतिगृह चालते. बदलीला घरसंसाराची अडचण येत नाही. शाळा सुटल्यावर शिक्षिका घरी जात नाही, आवारातच राहते. वसतिगृहातील मुलीला रात्री ताप आला तर कपाळावर हात ठेवायला कोणी असते. आपल्याकडे गुरुकुल हा शब्द आदराने उच्चारला जातो. मुलींसाठी गुरुकुलाच्या जवळ जाणारी व्यवस्था आधुनिक काळात ज्यांनी चालविली, त्यांत या मठशाळांची गणना करावी लागेल.

या रचनेचा आधुनिक राज्यसंस्थेशी येणारा संबंध अगदी अलीकडे न्यायालयातही तपासला गेला. अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या धर्मगुरू व धर्मभगिनींच्या वेतनातून आयकर कापावा की नाही, असा प्रश्न होता. व्रतामुळे आपली स्वतंत्र मिळकतच नाही, वेतन संघाचे आहे, असे त्यांच्या बाजूने सांगितले गेले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर कापण्याच्या बाजूने निर्णय दिला. वेतन ज्या व्यक्तीच्या नावे दिले जाते तिचे ते उत्पन्न. पुढे तिने ते कोणास द्यावे हा तिचा प्रश्न, अशी त्यामागील दृष्टी आहे. निर्णय योग्य की अयोग्य, याची चर्चा येथे अप्रस्तुत होय. परंतु सरकारी कागदावर शिक्षिका म्हणून नोंद असलेली स्त्री मठाच्या वहीत स्वतःच्या नावे काहीच बाळगत नाही, हे वास्तव त्या निमित्ताने सर्वांसमोर आले.

५. आक्षेप आणि त्यांचे मूल्यमापन

वारशाचे गुणगान करून थांबणे म्हणजे त्या वारशाचा अवमान होय. या शाळांवर आजवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांतील तीन महत्त्वाचे आहेत.

पहिला आक्षेप असा की, गरिबीचे व्रत घेतलेल्या भगिनींनी श्रीमंतांच्या मुलींना शिकविले. यात तथ्य आहे. मोठ्या शहरांतील कॉन्व्हेंट शाळांत सरदार, वकील, अधिकारी आणि व्यापारी यांच्याच मुली प्रामुख्याने दिसत. त्यांच्या शुल्कावर गरीब मुलींसाठीचे विभाग चालत, हे खरे असले तरी एकाच आवारात दोन दर्जांची व्यवस्था राहिली, हेही तितकेच खरे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मसंघांना आपल्या संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे वळण्याचे आवाहन केले. शिक्षणविषयक घोषणापत्रही त्याच दिवशी प्रसिद्ध झाले. त्यानंतर भारतातील अनेक संघांनी खेड्यांकडे मोहरा वळविला. झग्याच्या जागी साडी आली, मोठ्या मठांच्या जागी तीन-चार जणींची लहान घरे आली. बीदर-गुलबर्गा या भागासाठी २००५ मध्ये गुलबर्गा हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, तोही अशा ग्रामीण विस्ताराच्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा. सोळाव्या शतकातील भिक्षूंच्या काळात सत्ता आणि धर्म हातात हात घालून चालत होते, याचा उल्लेख वर आलाच आहे. त्या आठवणीमुळे शंका टिकून राहिली. परंतु या शाळांतून शिकून गेलेल्या मुलींत हिंदू, मुसलमान आणि पारशी मुलींची संख्या नेहमीच मोठी राहिली आणि त्या आपापल्या धर्मातच राहिल्या. पालकांनी पिढ्यानपिढ्या मुली पाठविल्या, यावरून त्यांचा अनुभव काय होता याचा अंदाज बांधता येतो. याच संदर्भात सावित्रीबाई फुले आणि पंडिता रमाबाई यांची नावे आठवतात. अहमदनगर-मुंबईच्या मिशनरी स्त्रियांच्या शाळांचे उदाहरण समोर असतानाच १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याची शाळा निघाली. १८८९ मध्ये मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन निघाले आणि त्यावर धर्मांतराच्या शंकेनेच वादळ उठले. स्त्रीशिक्षणाच्या प्रत्येक नव्या पावलास आपल्याकडे शंकेची सोबत होती. ती शंका तपासावी, पण तिच्यामुळे पाऊल मागे घेऊ नये.

तिसरा आक्षेप भाषेचा. आणि आपल्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. आज तर खेड्यातील कोणत्याही खाजगी इंग्रजी शाळेला, तिचा मठाशी काडीचाही संबंध नसताना, कॉन्व्हेंट म्हणण्याची प्रथा पडली आहे. या समीकरणामुळे मराठी बोलणारी मुलगी स्वतःच्या भाषेला कमी लेखू लागते, ही हानी खरी आहे. मात्र हे समीकरण अटळ नाही. वसई आणि अहमदनगर या भागांतील कॅथलिक समाजाच्या कितीतरी शाळा मराठी माध्यमाच्या आहेत. वसईचे मराठीभाषक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादेस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. गोव्यात १९९० च्या धोरणाने प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांशी जोडले, तेव्हा तेथील अनेक कॅथलिक प्राथमिक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. बार्देशच्या जुन्या भिक्षूंनी स्थानिक भाषेचे व्याकरण रचले होते. त्या परंपरेशी हे अधिक सुसंगत आहे.

६. एकाच कलमाची दोन मुले

येथे आपल्या सीमाभागाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतीय संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्या कलमात अल्पसंख्याक दोन प्रकारचे मानले आहेत: धर्मावर आधारलेले आणि भाषेवर आधारलेले. कर्नाटकातील कॅथलिक भगिनींची शाळा आणि कर्नाटकातील मराठी माध्यमाची शाळा या दोन्ही एकाच कलमाच्या आश्रयाने उभ्या आहेत. एकीचा हक्क दुबळा झाला तर दुसरीचाही होतो. १९५६ च्या पुनर्रचनेबरोबरच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. ज्या कायद्याने आपल्या जिल्ह्याचे तीन वाटे केले, त्याच्या जोडीनेच हे आश्वासन दिले गेले, हे विसरता कामा नये.

पुढे कर्नाटकात प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाविषयी दीर्घ वाद झाला. १९८२ च्या गोकाक चळवळीने कन्नडच्या स्थानाचा प्रश्न ऐरणीवर आणला. अखेर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, प्राथमिक माध्यम कोणते असावे हे राज्याने लादू नये. ती निवड पालकांची आहे. या निर्णयाने सरकारच्या सक्तीचा प्रश्न मिटला, परंतु निवडीचा भार पालकांवर आला. संतपूर, औराद, कमलनगर, भालकी येथील पालक आज कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी यांच्यात निवड करतात, तेव्हा मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी जवळच्या फुकट शाळेत, अशी वाटणी अनेक घरांत होते. माध्यमाचा प्रश्न असा नकळत मुलीच्या हक्काचा प्रश्न बनतो. मुलीला कमी शुल्काची जागा, मुलाला अधिक शुल्काची, हा भेद ज्या घरात होतो, त्या घराने कोणती भाषा निवडली याला फारसा अर्थ उरत नाही.

७. वारसा कोणी चालवावा

आज युरोपातील मठ रिकामे होत आहेत. भारतातही धर्मसंघांत प्रवेश करणाऱ्या तरुणींची संख्या पूर्वीसारखी नाही. ज्या शाळांत एकेकाळी बहुतेक वर्गांवर सिस्टर असत, तेथे आता एक-दोघी प्रशासनात दिसतात. वर्ग गृहस्थाश्रमी शिक्षकांच्या हाती आहेत. तेव्हा वारसा चालविण्याचा प्रश्न यापुढे आपला, म्हणजे सामान्य शिक्षकांचा आणि पालकांचा आहे. आपण ती तीन व्रते घेऊ शकत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण त्या व्रतांनी शाळेत जे निर्माण केले, ते अन्य मार्गाने जपता येते का, हे पाहिले पाहिजे.

मला तीन गोष्टी जपण्यासारख्या वाटतात. पहिली म्हणजे उपस्थिती. शाळेची घंटा वाजल्यानंतरही विद्यार्थिनीला कोणीतरी मोठे माणूस उपलब्ध असावे. आपल्या भागात सातवीनंतर किंवा दहावीनंतर मुलीची शाळा सुटते, ती बहुधा बुद्धी कमी पडली म्हणून सुटत नाही. गावाला जाणारी बस वेळेवर नाही, वसतिगृह नाही, घरी धाकट्या भावंडांना सांभाळायचे आहे किंवा लग्न ठरले आहे, म्हणून सुटते. मुलगी आठ दिवस आली नाही तर तिच्या दारी जाऊन विचारपूस करणारी शिक्षिका, हे या कार्याचे सार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सामाईक निधीची कल्पना. ज्यांची ऐपत आहे त्यांच्या शुल्कातून ज्यांची नाही त्यांची सोय, हे तत्त्व मठाबाहेरही चालू शकते. माजी विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनाच्या भोजनावर होणारा खर्च एका मुलीच्या वर्षभराच्या बस-पासाकडे वळविला, तर ते फ्रान्सिस्कन परंपरेला साजेसेच होईल.

तिसरी गोष्ट नोंदींची. या भगिनींची नावे हरवली, कारण त्यांनी ती स्वतःच मागे ठेवली नाहीत. पण विद्यार्थिनींची नावे हरविण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेत दाखल-खारीज वही असते. तिच्यात मुलीचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. कारणाच्या रकान्यात ‘विवाह’, ‘गैरहजर’, ‘गाव सोडले’ असे एकेका शब्दात एकेक आयुष्य नोंदलेले असते. हैदराबाद संस्थानच्या उर्दू लिपीतील जुन्या वह्या आणि १९५६ नंतरच्या कन्नड-मराठी वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तर या भागातील स्त्रीशिक्षणाचा खरा इतिहास त्यांतून निघेल. कोणत्याही थोर पुरुषाच्या चरित्रात तो सापडणार नाही. त्या वह्या वाळवीच्या आणि रद्दीच्या स्वाधीन होण्यापूर्वी त्यांची नक्कल करून ठेवावी, आणि हे काम वरच्या वर्गांतील विद्यार्थिनींवर सोपवावे, अशी माझी संस्थाचालकांना नम्र सूचना आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी शाळा का सोडली, हे ज्या मुलीला आपल्याच हस्ताक्षरात उतरवून घ्यावे लागेल, ती स्वतःची शाळा सहजासहजी सोडणार नाही.

मठाच्या नियमाने स्वतःचे नाव पुसून टाकणाऱ्या स्त्रियांनी इतरांच्या मुलींची नावे हजेरीपटावर रोज सकाळी मोठ्याने वाचली. आपल्या शाळांनी त्यांतली एकही हाक अनुत्तरित राहू देऊ नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे व्याख्यान संपवितो.